सहा गाड्यांची फेरी

ही घटना रात्रीची नाही.

हे आधीच सांगते, कारण असलं काही ऐकायला बसलं की लोक काळोख, वादळ, बंद पडलेली गाडी असं सगळं मनाशी धरूनच बसतात. इथे त्यातलं काही नाही. सकाळचे दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. जुलै १९९७, गुरुवार. शाळांना सुट्टी लागलेली. जागा मरे नदीचा पूर्व काठ, वॉकर फ्लॅट आणि पर्नाँग या दोन गावांच्या मधली.

जिच्यावर बेतलं ती माझी सख्खी मावशी, मेल्व्हा नोस्के. चाळीस वर्षं तिनं चर्चमध्ये ऑर्गन वाजवला. खोटं बोलायची वेळ आली तर ती उठून स्वयंपाकघरात जायची, अशी बाई. तिनं हे मला एकदाच सांगितलं, आणि सांगताना एकदाही "बहुतेक" किंवा "असं वाटतं" म्हणाली नाही. तुम्हाला पटो न पटो. मला पटलं, आणि पटल्यापासून मला धड झोप नाही.

आधी मावशीच्या नवऱ्याची हौस सांगायला हवी. सगळं त्या हौसेपायी झालं.

क्लॅरीकाका शाळेची बस चालवायचे. निवृत्त झाल्यावर माणसं बाग करतात, मासे धरतात. काकांनी नदी धरली. मरे नदी डोंगरातून निघून समुद्राला मिळेपर्यंत जिथे जिथे गाडीनं ओलांडता येते, ती प्रत्येक जागा आपण ओलांडायची. पूल असो, धरणावरचा रस्ता असो, की फेरी असो. फेरी म्हणजे आमच्याकडे एक लोखंडी तराफा. दोन जाड तारांना धरून तो गाड्यांसकट माणसं इकडून तिकडे नेतो. असा नाद असलेली माणसं आमच्याकडे बरीच आहेत. भेटली की पोराबाळांची चौकशी नंतर, आधी "तुझ्या किती झाल्या?"

त्यांचे नियमही असतात. चारही चाकं एका काठावरून निघून दुसऱ्या काठाला लागली पाहिजेत. चढलो त्याच काठाला उतरलो तर ते धरायचं नाही. फेरीवर गाडीतून बाहेर यायचं नाही. आणि सगळ्यांत मोठा नियम... वाटेत एखादी नवी जागा दिसली तर ती सोडून पुढे जायचं नाही. एक सोडली की अख्खी यादी फुकट.

मावशी म्हणायची, "लग्नात दिलेले शब्द ह्याला आठवत नाहीत. हे नियम मात्र झोपेतसुद्धा म्हणतो."

त्या वर्षी शेवटचा टप्पा होता, रेनमार्कपासून समुद्रापर्यंत. सोबत नात होती, टेगन. सात वर्षांची. तिची आई शेरिल, म्हणजे माझी मावसबहीण, मरे ब्रिज ह्या गावी नर्स. सुट्टीत पोरीला सांभाळायला कुणी नाही, म्हणून ती आजी-आजोबांबरोबर नदीवर. गुरुवारी संध्याकाळी तिला आईच्या हाती सोपवायचं ठरलं होतं.

आदल्या संध्याकाळी, स्वान रीचला मुक्कामाच्या खोलीत, मावशीनं टेगनचे कपाळावरचे केस कापले. ओले करून, कंगवा लावून, भुवयांच्या वर सरळ रेषेत. पोरीच्या डोळ्यांवर केस आलेले शेरिलला खपत नसत.

सकाळी धुकं होतं. जुलै म्हणजे आमच्याकडे हिवाळा, नदीवर असतंच. वॉकर फ्लॅटची फेरी झाली, काकांनी वहीत खूण केली आणि पूर्व काठानं पर्नाँगकडे गाडी हाकली. टेगन मागे बसून नॅनला, म्हणजे आजीला, आपल्या शाळेतल्या कोंबडीची गोष्ट सांगत होती. ती गोष्ट मंगळवारपासून चालू होती.

मग उजव्या हाताला पाटी दिसली.

पिवळी. वर फेरीचं चित्र, खाली गंज चढलेली अक्षरं: क्रोल्स लँडिंग.

काकांनी करकचून ब्रेक दाबला.

ह्या नावाची फेरी त्यांच्या वहीत नव्हती. नकाशात नव्हती. आणि डग वीनर्टच्या यादीतही नव्हती. हा डग दर मेजवानीला "अख्खी मरे माझ्या खिशात आहे" म्हणून काकांचं डोकं उठवायचा.

"नकाशात नाही म्हणजे नाही, क्लॅरी," मावशी म्हणाली. "बंद पडलेली असेल."

"मग पाटी कशाला ठेवतील?"

"काढायची राहिली असेल. इथे मेलेल्या माणसाचं नाव टपालपेटीवर दहा-दहा वर्षं राहतं."

"बघून तर येऊ. बंद असली तर मागे फिरू. दोन मिनिटांचं काम."

मावशी सांगते, तिथे मी हट्ट धरायला हवा होता. पण काकांचा चेहरा असा खुलला होता, की तिला मोडवेना. शिवाय हट्ट धरूनही उपयोग नव्हता. दिसलेली जागा सोडून पुढे जाणं त्यांच्या हातून झालंच नसतं.

गाडी खडीच्या वाटेला लागली. दोन्ही बाजूंना खुरटी झाडं, मधे धुकं, आणि मग उतार.

काठावर पोचल्यावर पहिली गोष्ट मावशीच्या ध्यानात आली, ती म्हणजे... आवाज नव्हता.

मरेच्या काठी सकाळी कान किटतात. काकाकुवे, बदकं, पेलिकन, सगळ्यांची भांडणं एकाच वेळी चालू असतात. इथे एक पीस हललं नव्हतं. पाणीसुद्धा काठाला लागताना वाजत नव्हतं.

फेरी मात्र होती. काठाला टेकलेली, फाटक उघडं.

तिच्यावरून एक गाडी उतरत होती. हिरवट स्टेशन वॅगन. एक बाई चालवत होती, शेजारी एक म्हातारा. आमच्या भागात समोरून गाडी आली की स्टीअरिंगवरचं एक बोट वर करायचं, ओळख असो नसो. न करणारा एक तर शहरातला, नाहीतर भांडलेला. काकांनी बोट वर केलं.

बाईनं केलं नाही. तिनं इकडे पाहिलंच नाही. मान अशी ताठ, की मुद्दाम धरलेली. गाल मात्र ओले होते.

"शहरातली," काका म्हणाले, आणि त्यांनी गाडी फेरीवर चढवली.

मागे फाटक लागलं.

सहा गाड्यांची जागा होती, दोन रांगांत तीन-तीन. पाच गाड्या आधीच उभ्या होत्या. त्या बाईनं सोडलेली सहावी जागा ह्यांना मिळाली, रांगेत सगळ्यांत मागे, फाटकाला पाठ लावून. काकांनी इंजिन बंद केलं, हँडब्रेक ओढला. तारा खडखडल्या. काठ धुक्यात गेला.

नदी तिथे फार रुंद नाही. चार मिनिटं लागतात, फार तर पाच. टेगननं काचेवर तोंडाची वाफ सोडली आणि बोटानं हसरा चेहरा काढला. मावशीनं थर्मासमधून चहा ओतला. काका वहीत नवीन ओळ लिहीत होते.

चहा संपला.

तरी काठ आला नाही.

...मग आला. वाळुंजाची झाडं, उतार, पिवळी पाटी. फेरी टेकल्याचा धक्का बसला. काकांनी किल्लीला हात घातला आणि पुढच्या गाड्या हलायची वाट पाहू लागले.

एकही इंजिन सुरू झालं नाही.

फाटक उघडलं नाही.

अर्धा मिनिट तसंच गेलं. आणि फेरी उलटी निघाली.

"फेरी चालवणारा गडी झोपला वाटतं," काका म्हणाले आणि त्यांनी हॉर्न वाजवला. हॉर्नचा आवाज धुक्यात दोन हातांवर जाऊन विरला. पाच गाड्यांमधल्या एकाही माणसानं मान वळवली नाही.

तेव्हा मावशीनं त्या गाड्यांकडे पहिल्यांदा नीट पाहिलं.

शेजारी एक जुनी काळी होल्डन गाडी होती. मावशी शाळेत असताना तिच्या वडिलांकडे होती तसली. आत एक जोडपं. बाईच्या हातात पांढरे हातमोजे, मांडीवर केकचा डबा. त्यांच्या पुढे एक मागून उघडी मालवाहू गाडी, तिच्यात एक कुत्रा बसलेला. हॉर्न वाजला तरी कुत्र्यानं कान हलवला नाही. तोंड समोर करून बसला होता.

आणि काचा...

थंडी कडक होती. तिघांच्या श्वासानं ह्यांच्या गाडीच्या काचा आतून धुरकट झाल्या होत्या. बाकीच्या गाड्यांच्या काचा लख्ख होत्या.

आत माणसं बसलेली. आणि काचेवर वाफ नाही.

काकांना सांगावं तर टेगन ऐकेल, म्हणून मावशीनं नुसतं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. तिनं काय पाहिलं ते काकांनीही पाहिलं.

पूर्व काठ आला. फेरी टेकली. थांबली. निघाली.

पश्चिम काठ आला. टेकली. थांबली. निघाली.

मावशी खेपा बोटांवर मोजत होती. दोन्ही हातांची बोटं संपली, पुन्हा सुरू केली, पुन्हा संपली. डॅशबोर्डवरचं घड्याळ पाहिलं. दहा वाजून वीस मिनिटं.

सेकंद काटा फिरत होता. तरी दहा वाजून वीसच मिनिटं.

पुढच्या वेळी पूर्व काठ आला तेव्हा काकांनी दार उघडलं. उभ्या आयुष्यात ते कधी फेरीवर गाडीतून उतरले नव्हते. "मी फाटकावरून जाऊन बघतो," म्हणाले. मागचं फाटक छातीएवढं. साठीचा माणूस धापा टाकत त्यावरून पलीकडे उतरला. उतारावर त्यांच्या बुटांची दोन पावलं वाजली. धुक्यात शिरले.

आणि समोरच्या फाटकावरून आत आले.

म्हणजे नदीच्या बाजूच्या. फेरीच्या दुसऱ्या टोकाच्या. एक पाय आत, एक बाहेर, असे तिथेच थबकून त्यांनी लांबून मावशीकडे पाहिलं. चाळीस वर्षांच्या संसारात तिनं त्यांच्या तोंडावर तसले भाव पाहिले नव्हते.

कोपऱ्यात उंचावर चालकाची खोली होती. काका तिकडे गेले. मावशीनं काच खाली केली. चालक पाठमोरा होता, अंगात पिवळा रेनकोट. त्यानं शेवटपर्यंत वळून पाहिलं नाही. आवाज मात्र साधा होता. दुकानदार बोलतो तसा. मावशी म्हणते, तो आवाज भयंकर असता तर बरं झालं असतं.

"आम्हाला उतरायचंय," काका म्हणाले.

"उतराल की. काठावर गाडी यायला हवी."

"म्हणजे काय?"

"सहा असतात. एक चढली की एक उतरते. चढणारी आली नाही तर कुणी उतरत नाही."

"मग हे बाकीचे? हे आमच्या आधीचे आहेत."

"त्यांना विचारून झालं." चालकानं कुठलातरी दांडा ओढला. "आधी घाई सगळ्यांनाच असते. पुढे भूक जाते. भूक गेली की घाईपण जाते."

काका परत येऊन बसले. तोंडावर रक्ताचा थेंब नाही. किल्लीवर हात ठेवून राहिले.

मावशीच्या डोक्यात एकच शब्द अडकला होता. भूक.

तिनं घाईनं डबा उघडला. टेगनच्या आवडीचं व्हेजिमाइट लावलेलं सँडविच होतं, कडा कापलेलं. ही पोर दर अर्ध्या तासानं खायला मागायची. मरे ब्रिज येईपर्यंत हिला पुरवायचं काय, असा घोर आजीला लागलेला असायचा.

"घे गं, खाऊन घे."

"नको, नॅन."

"सकाळपासून काही खाल्लं नाहीस."

"भूक नाही मला."

कोंबडीची गोष्ट कधी थांबली होती, ते मावशीला आठवेना. टेगन सरळ बसली होती. हात मांडीवर. तोंड समोर. तिच्या बाजूच्या काचेवरचा हसरा चेहरा नव्हता.

वाफच नव्हती. ती काच लख्ख होती.

मावशी दोन सीटच्या मधून कशीबशी मागे गेली. नातीचे हात चोळले. गालावर गाल घासले. गाल गार नव्हते, हेच जास्त वाईट होतं. नुसते होते. तिनं तिला पाढे म्हणायला लावले. टेगननं तीनचा पाढा बारापर्यंत म्हटला आणि सोडून दिला. शाळेचं नाव विचारलं, ते सांगितलं. शेवटी विचारलं, "आईचं नाव काय, टेगन?"

टेगन समोर बघत राहिली.

"आईचं नाव सांग, राणी."

"नॅन," ती हळूच म्हणाली, "गप्प बसूया ना. छान वाटतंय."

मावशीनं आयुष्यभर देवाकडे मागितलं ते पाऊस, पीक, लेकरांचं आजारपण. त्या दिवशी टेगनला छातीशी धरून तिनं मागितलं, "देवा, कुणीतरी येऊ दे."

ती मला म्हणाली, "मी काय मागतेय ते मला कळत होतं. कळत नव्हतं असं तू मनात आणू नकोस."

त्यानंतर किती खेपा झाल्या, तिनं मोजल्या नाहीत.

एकदा पूर्व काठ आला... आणि उतारावर दोन मंद दिवे होते.

फेरीची वाट पाहताना दिवे बारीक करून थांबायचं, अशी आमच्याकडे रीत आहे. कुणीतरी रीतीनं थांबलं होतं.

मागचं फाटक उघडलं.

काकांनी गाडी सुरू केली आणि मागे घेतली. चढलो त्याच काठाला उतरायचं नाही, हा नियम त्या वेळी त्यांच्या मनात आलासुद्धा नसेल. मागच्या काचेतून त्यांना धुकं आणि दोन दिवे, एवढंच दिसत होतं. बसच्या इंजिनाशेजारी तीस वर्षं बसून त्यांचा डावा कान गेला होता, आणि मावशी मागे डाव्या बाजूला बसली होती.

चाकं लोखंडावरून खडीवर आली. त्यांची गाडी मागे सरकत थांबलेल्या गाडीच्या शेजारी आली, खिडकीला खिडकी.

निळी गाडी. छतावर दोन सायकली, एक मोठी, एक अगदी लहान. पुढे तिशीचं जोडपं. मागे दोन मुलं, एक दुसऱ्याच्या खांद्यावर झोपलेलं. काचा आतून धुरकट. बायकोच्या मांडीवर उघडी वही, हातात पेन्सिल.

त्या माणसानं स्टीअरिंगवरचं बोट वर केलं. मग काच खाली करून मावशीकडे पाहून हसला.

"चालू आहे ना ही? आमच्या यादीत नव्हती."

मावशीच्या पुढची खिडकी मघापासून उघडीच होती. टेगनचा हात तिच्या हातात होता, आणि त्या हाताला अजून काही वजन नव्हतं. चढणारी आली नाही तर कुणी उतरत नाही. मधेच फिरली तर? उतरलेल्याला परत नेत असतील का? तिला ठाऊक नव्हतं. विचारायला वेळ नव्हता.

"हो," ती म्हणाली. "चालू आहे."

"किती वेळ लागतो?"

"चार मिनिटं."

तो आभार मानून काच वर करू लागला. गाडी पुढे सरकली. मागच्या सीटवरचं जागं असलेलं मूल मावशीकडे बघत होतं. तिनं टेगनचं तोंड आपल्या छातीत दाबलं आणि स्वतः समोर बघत राहिली. मान अजिबात न वळवता. फाटक लागल्याचा आवाज आला. तारा खडखडल्या. मग तेही ऐकू येईना.

काकांनी गाडी वळवून खडीच्या वाटेनं अशी पिटाळली, की वहीसकट सगळं खाली पडलं. डांबरी रस्ता लागला तिथे ऊन होतं. स्वच्छ हिवाळी ऊन. आकाशात काकाकुव्यांचा गोंधळ.

"नॅन," टेगन म्हणाली, "मला भूक लागलीये."

तिच्या बाजूच्या काचेवर वाफ धरली होती. मावशीनं सँडविच तिच्या हातात दिलं आणि रस्त्याच्या कडेला गाडी थांबवायला लावून पोटभर रडून घेतलं. काका नुसते स्टीअरिंगवर डोकं टेकून बसले.

घड्याळात दहा वाजून पंचवीस मिनिटं झाली होती.

पर्नाँगच्या फेरीवाल्याला काकांनी विचारलं. तो म्हणाला, वॉकर फ्लॅट सोडलं की इथपर्यंत मधे फेरी नाही. त्याच्या आधी तिथे त्याचे वडील होते, त्यांच्याही वेळी नव्हती. काका मान हलवून परत आले.

त्या संध्याकाळी मरे ब्रिजला शेरिलनं टेगनला कुशीत घेतलं आणि तिच्या कपाळावरून हात फिरवला.

"आई, केस कापून आणते म्हणाली होतीस ना?"

मावशीनं तेव्हा पाहिलं. टेगनचे केस डोळ्यांवर आले होते. डोळ्यांच्याही खाली, नाकाच्या शेंड्यापर्यंत.

काकांनी ती यादी पुरी केली नाही. शेवटच्या थोड्याच जागा राहिल्या होत्या. डगनं पुष्कळ टोमणे मारले, "दम संपला का क्लॅरी?" म्हणून. काकांनी ह्या विषयावर मावशीला फक्त एकदा विचारलं, काही वर्षांनी, बागेत पाणी घालताना. "त्या गाडीत कितीजण होते गं?"

ती उठून स्वयंपाकघरात गेली नाही. तिथेच उभी राहून म्हणाली, "एकटाच होता. म्हातारा माणूस."

"म्हातारा होता?"

"खूप म्हातारा."

काकांचा जीव भांड्यात पडला. ते तेच खरं मानून दोन हजार अकरात गेले.

मावशीनं कितीतरी महिने सगळी वर्तमानपत्रं चाळली. निळी गाडी, दोन सायकली, चार माणसं. कुठेच काही आलं नाही. ती दोनदा त्या जागी जाऊनही आली. पाटी नव्हती, वळण नव्हतं. तारेचं कुंपण आणि आत मेंढ्या. चार माणसं बेपत्ता झाली तर त्यांचं कुणीतरी शोधायला निघतं, नाही का? आई, भाऊ, शेजारी, कुणीतरी. त्यांना कुणीच शोधलं नाही.

ह्यावर मावशी जे बोलली, ते माझ्या डोक्यातून जात नाही. ती म्हणाली, "मग आम्ही तिथे होतो, तेव्हा शेरिल आमची वाट बघत होती का? का आपल्याला मुलगी आहे, हेच तिला आठवत नव्हतं?"

शेरिलला विचारायचं धाडस तिला कधी झालं नाही. मलाही झालेलं नाही.

टेगन आता तिशी ओलांडून गेली. तिला त्या सकाळचं धुकं तेवढं आठवतं.

हे सगळं मावशीनं मला सांगितलं ते आमच्या घरी, व्हरांड्यात, भर दुपारी. मी तिला विचारलं, फार पश्चात्ताप होतो का. ती अंगणाकडे बघत होती.

"पश्चात्तापाचं मी बघून घेईन," ती म्हणाली. "उद्या पुन्हा ती वेळ आली आणि टेगन माझ्या शेजारी असली, तर मी पुन्हा चार मिनिटंच सांगेन. मला भीती वाटते ती ह्याची."

माझी दोन्ही मुलं समोर अंगणात खेळत होती. मी उठले आणि त्यांना आत बोलावलं.